एकोणिसावा प्रश्न

त्या वर्षी कुणी कुंपणच घातलं नाही. घालणार तरी कशाला? पेरलेलं उगवलं नव्हतं आणि गुरं लोकांनी आधीच विकून टाकली होती. राखायचं काही उरलं नव्हतं आणि ज्यांच्यापासून राखायचं तीही उरली नव्हती. जमीन अशी कडक झाली होती की पहार मारली तर खड्डा पडायचा नाही, नुसत्या हाताला झिणझिण्या यायच्या.

आबांनी चाळीस वर्षं तारकाम केलं होतं. खांब रोवायचे, काटेरी तार ओढायची, ताण द्यायचा, पिळा मारायचा. डाव्या तळहातावर तारेने फाडलेल्याच्या खुणा इतक्या की हाताच्या मूळच्या रेषा शोधाव्या लागत. त्यांनी ओढलेल्या तारेवर बोट मारलं तर ती वाजायची. पण आता तारेची भेंडोळी गोठ्यात पडून होती, थोरला मुलगा बायकोला घरी ठेवून दूर रस्त्याच्या कामावर निघून गेला होता आणि अंगणातल्या टेम्पोखाली कोंबड्या बसत होत्या.

एक दिवस सकाळी सूनबाई चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "आबा, केंद्राला तीन आठवडे गाडी पाहिजे. चाचणीचे कागद शाळाशाळांत पोचवायचे आहेत. मी तुमचं नाव सांगितलंय."

"ड्रायव्हर म्हणून?"

"गाडी तुमची आहे. दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर द्या."

आबांची म्हातारी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "द्या की. कोंबड्यांना दुसरी सावली बघून देऊ."

सूनबाई सहा वर्षं शाळेत शिकवत होती. मग मोठ्या गावातल्या चाचणी केंद्रात लागली. शाळा, शिक्षणखातं, कधी एखादी संस्था केंद्राकडे यायची आणि म्हणायची, आमच्या मुलांना कितपत येतं ते मोजून द्या. मग प्रश्न तयार करायचे, शाळाशाळांत जाऊन ते सोडवून घ्यायचे, उत्तरं तपासायची आणि अहवाल लिहायचा. सूनबाई प्रश्न तयार करणाऱ्यांतली. एकेका प्रश्नावर चार-चार दिवस बसायची. आबांना त्याचं नवल वाटायचं. प्रश्न काय, कुणीही विचारतो, असं त्यांचं मत होतं. पण घरात चूल पेटत होती ती त्या प्रश्नांवर, म्हणून हे मत ते स्वतःपाशीच ठेवत.

पहिल्याच दिवशी केंद्राच्या फाटकाशी शिपायाने त्यांना अडवलं. आत कागदांच्या पेट्या मोहोरबंद होत होत्या.

"ड्रायव्हर लोकांनी बाहेर थांबायचं."

आबा बाहेर थांबले. उन्हात. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाने त्यांना बोटाने जागा दाखवली आणि ते त्या जागेवर उभे राहिले. पेट्या आल्या तेव्हा मात्र एकाच हेलपाट्यात दोन-दोन उचलल्या. सूनबाई म्हणाली, "आबा, एकेक घ्या." त्यांनी ऐकलं नाही.

मग रोज तेच. पहाटे निघायचं, दोन शाळा करायच्या, संध्याकाळी पेट्या परत. रस्त्यांवर घोटाभर धूळ. सूनबाई तोंडाला ओढणी बांधून शेजारी बसायची, मांडीवर घड्याळ आणि एक कागद. त्या कागदावर मुलांना द्यायच्या सूचना होत्या. प्रत्येक शाळेत ती त्या सूचना शब्दाला शब्द वाचायची. आबा खिडकीबाहेर सावलीत बसून ऐकायचे. आठव्या शाळेपर्यंत त्यांना त्या पाठ झाल्या.

"पाठ झाल्यात तुला. मग बघून कशाला वाचतेस?" त्यांनी एकदा विचारलं.

"एका शाळेत एक शब्द जास्त गेला तर त्या मुलांना एक शब्द जास्त मिळाला. मग दोन शाळा एका मापाने कशा मोजायच्या?"

आबांनी गाडी खड्ड्यातून काढली.

एका शाळेत एक मुलगी पेपर सोडवताना रडायला लागली. तिला एक शब्द वाचता येत नव्हता. सूनबाई तिच्यापाशी गेली, पाण्याचा पेला दिला, पाठीवर हात ठेवला आणि शब्द न सांगताच परत फिरली. आबांना ते लागलं. परतीचा निम्मा रस्ता सरला. मग ते म्हणाले, "लेकरू रडत होतं. एक शब्द सांगितला असता तर तुझं काय गेलं असतं?"

"मी सांगितला असता तर कागदावर आलं असतं की तिला वाचता येतं. मग तिला शिकवायला कोण गेलं असतं?"

एवढं बोलून सूनबाई बाहेर बघत राहिली. आबांनी मान वळवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धुळीचं असेल म्हणून त्यांनी विचारलं नाही.

सगळ्यांत शेवटची शाळा कोरड्या नदीपलीकडे होती. दोन खोल्या, एक गुरुजी, पाचवीत चोवीस मुलं. नदीत पाणी नव्हतं, पण दगड होते, आणि टेम्पो अलीकडेच सोडून पेट्या डोक्यावरून न्याव्या लागल्या. गुरुजींनी पेट्या उतरवून घेतल्या आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, शंभरात चाळीसच्या खाली सरासरी आली तर शाळा बंद करून पलीकडच्या शाळेत मिळवणार आहेत म्हणे. सहा किलोमीटर आहे. नदीला पाणी आलं की ही मुलं घरीच बसतील."

"मला माहीत आहे," सूनबाई म्हणाली. "गुरुजी, मी काही करू शकत नाही. फक्त नीट मोजू शकते."

तपासणीचे दिवस आले. सूनबाई पडवीत चटईवर बसायची, एका बाजूला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला आखलेले मोठे कागद. कागद उडू नयेत म्हणून म्हातारीने तिला दगड आणून दिले होते. प्रत्येक मुलाचं प्रत्येक उत्तर त्या चौकटींत चढायचं. आबांना वाटलं होतं, बरोबर किती आणि चूक किती एवढं मोजलं की संपलं. पण ती मोजून झाल्यावरही उठेना. दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"काय अडलंय?" आबांनी विचारलं. ते पायरीवर बसून पक्कड घासत होते. वापर नव्हता, पण गंज चढू द्यायचा नव्हता.

"एकोणिसावा प्रश्न." तिने कागदावर बोट ठेवलं. "अवघड प्रश्न असला तर हुशार मुलांना येतो, बाकीच्यांना येत नाही. सोपा असला तर सगळ्यांना येतो. हा उलटा आहे. ज्यांचं बाकी सगळं बरोबर आहे, त्यांचंच हे चुकलंय. ज्यांना काही येत नाही, त्यांचं बरोबर. मोठ्या गावातल्या शाळांत असं नाही. आपल्या बाजूच्या शाळांत आहे, आणि नदीपलीकडे तर चोवीसात चारच मुलांचं बरोबर आलंय."

"मग मुलांनी कॉपी केली."

"कॉपी केली असती तर सगळंच सारखं आलं असतं." ती थांबली. "आबा, हा प्रश्न मी तयार केलाय."

तिने केंद्रात फोन लावला. प्रमुख होते त्यांना सगळे सर म्हणत. सरांचा आवाज पडवीभर ऐकू येत होता. "अगं, अंदाजाने खुणा केल्या असतील मुलांनी. पंचविसातला एक प्रश्न आहे. शुक्रवारी निकाल द्यायचाय. पुढे चल."

"सर, मला नदीपलीकडच्या मुलांशी बोलायचंय. चाचणी झालीय, आता प्रश्न दाखवायला हरकत नाही ना?"

"हरकत नाही. पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नदी. सूनबाईने गुरुजींकडून एक रिकामी खोली मागून घेतली, जमिनीवर चटई टाकली आणि एकेका मुलाला आत बोलावलं. आबा दाराशी बसले. त्यांना आत यायला कुणी सांगितलं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

ती मुलांना उत्तर विचारत नव्हती. म्हणत होती, "हा प्रश्न वाच, आणि डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोल. बरोबर-चूक मला नकोय. नुसतं बोल."

पहिली दोन मुलं लाजून काहीच बोलली नाहीत. तिसरी आली ती गुडघ्यावर खपली धरलेली, केस कसेतरी बांधलेले. ती चटईवर बसली आणि कागद हातात घेऊन वाचायला लागली.

"शेत तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद आहे. शेताभोवती चित्रात दाखवल्याप्रमाणे तारेचं कुंपण घालायचं आहे. किती मीटर तार लागेल?" तिने बोटांवर काहीतरी केलं. "तीस आणि वीस पन्नास. परत तीस आणि वीस, शंभर. म्हणजे तीनशे."

सूनबाईने लिहिता लिहिता हात थांबवला. "शंभर झाले म्हणालीस ना? मग तीनशे कुठून आले?"

मुलीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू मोठ्या माणसाला एवढंही कळू नये याचं तिला वाईट वाटलं. तिने चित्रावर बोट ठेवलं. "तीन तारा आहेत ना. एक खाली, एक मधे, एक वर."

दाराशी आबा सरळ बसले.

सूनबाईने कागद उचलला आणि जवळून पाहिला. मग उठून दाराशी आली. "आबा, हे वाचा."

आबांनी कागद हातभर लांब धरला. वाचायला वेळ लागला. "तीनशे," ते म्हणाले. "आणि पिळे मारायला वर पाच-सहा मीटर धर. एका तारेत काय होतंय? बकरी खालून जाईल आणि बैल वरून." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का? तुझं उत्तर काय आहे?"

"शंभर."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"मी लिहिलं तेव्हा चित्र नव्हतं," सूनबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "छापायच्या आधी चित्रकाराकडून काढून घेतलं. त्याने कुंपण म्हणून तीन रेघा मारल्या. कच्ची प्रत माझ्याकडे आली होती. मी शब्द तपासले, आकडे तपासले, सही केली. चित्र पाहिलंच नाही. आणि तीनशे हा पर्याय तर मी चौथा काही सुचेना म्हणून घातला होता."

उरलेल्या मुलांनीही तेच सांगितलं. एकाने तर चौथी तारही हवी होती असं ठामपणे सांगितलं, कारण त्यांच्या शेळ्या हट्टी होत्या. ज्या चौघांचं 'बरोबर' होतं, त्यांतल्या तिघांनी डोळे मिटून खूण केली होती. ते त्यांनी हसत हसत कबूल केलं.

परतताना नदीच्या दगडांवरून चालताना आबांनी विचारलं, "हा प्रश्न काढला तर शाळा वाचेल?"

"मी हिशेब केलेला नाही."

"का? पाच मिनिटांचं काम आहे."

"केला तर माझं मन त्याच बाजूला ओढलं जाईल. प्रश्न वाईट असेल तर तो शाळा वाचली तरी वाईट आणि बुडाली तरी वाईट. आधी प्रश्नाचं ठरू दे."

आबांनी पाऊल उचललं आणि पुढच्या दगडावर टेकवायला थोडे थांबले. चाळीस वर्षांत त्यांना अशी एक-दोनच माणसं भेटली होती, की ज्यांच्या जमिनीची हद्द मोजताना दोरी स्वतःच्या बाजूला सैल सुटत नसे. आपल्याच घरात, आपल्याच पडवीत असं एक माणूस रोज चटई टाकून बसतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

गुरुवारी ती केंद्रात जायला निघाली तेव्हा म्हणाली, "आबा, आज आत चला माझ्याबरोबर."

फाटकाशी तोच शिपाई. त्याने हात आडवा केला. सूनबाई थांबली आणि शांतपणे म्हणाली, "कुंपणाच्या प्रश्नावर सरांना तज्ज्ञाचं मत हवंय. हे तज्ज्ञ आहेत."

शिपायाने आबांच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं आणि बाजूला झाला. आबांचे कान तापले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

सरांच्या टेबलावर कागदांचा डोंगर होता. सूनबाईने मोठा कागद पसरला आणि सगळं सांगितलं. आपल्या बाजूच्या शाळांतल्या पहिल्या वीस मुलांत चौदा जणांचं हे एकच उत्तर चुकलेलं. मुलांनी मोठ्याने काय काय सांगितलं तेही वाचून दाखवलं. सर चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होते.

"मी वर्गात शिकवायचो तेव्हा अशा चित्राकडे कुणी बघायचंच नाही," ते म्हणाले. "चित्र म्हणजे शोभा."

"मोठ्या गावातल्या मुलांना शोभा असेल," आबा बोलून गेले. मग थांबले. सरांनी हाताने पुढे बोला अशी खूण केली. "साहेब, आमच्या बाजूची मुलं तार ओढायला बापाबरोबर जातात. तारा मोजायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. एक तार कमी पडली तर रात्रीत पीक जातं. तुमच्या कागदावर तीन तारा आहेत. मी असतो तरी तीनशेच सांगितले असते, आणि मला या कामात कुणी नापास केलेलं नाही."

सर हसले नाहीत. त्यांनी चित्र पुन्हा पाहिलं. नंतर सूनबाईकडे वळले. "तू जाणतेस ना, हा प्रश्न काढायचा तर अहवालात कारण लिहावं लागेल. कुणी तयार केला, कुणी सही केली, तेही. खात्याला लेखी कळवावं लागेल. पुढच्या वर्षीच्या कामाचे करार महिनाभरात आहेत. तुझं नाव वर जाईल ते या कारणासाठी जाईल."

"हो सर."

"नाही काढला तर कुणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना, सर."

सरांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. बाहेर कुणीतरी पेटी सरकवत होतं. आबांना वाटलं आपण काही बोलावं, पण हे बोलणं त्यांचं नव्हतं, म्हणून ते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.

"काढ," सर म्हणाले. "सगळ्या शाळांसाठी. चोवीस प्रश्नांवर पुन्हा हिशेब. त्या नदीपलीकडच्या शाळेचं काय होतंय ते बघितलंस?"

"नाही. आता बघू."

तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर तिने आकडे मांडले. आधी मुलांचे एकूण गुण दोनशे पस्तीस होते. त्यातून एकोणिसाव्या प्रश्नाचे चार गुण वजा, दोनशे एकतीस. चोवीस मुलांत भागले, मग चोवीस प्रश्नांवर काढले. पेन्सिल एका जागी थांबली. तिने पुन्हा केलं. मग कागद सरांकडे सरकवला.

"चाळीसच्या वर," सर म्हणाले. "केसभर."

"केसभर."

इतर शाळांचे आकडे खालीवर झाले, पण चाळीसची रेघ कुणी ओलांडली नाही. सूनबाईने तिथेच बसून दुरुस्तीची नोंद लिहिली. 'प्रश्न क्रमांक एकोणीस : चित्र व मजकूर यांत विसंगती. प्रश्न तयार करणारीने अंतिम प्रत तपासताना चित्र पडताळले नाही.' खाली सही केली. आबांनी तिला सही करताना पाहिलं.

निकाल गेला. पंधरवड्याने खात्याचं पत्र आलं. त्यात सूनबाईला लेखी समज होती. तिने ती वाचली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. म्हातारी म्हणाली, "एवढं खरं बोलून वर बोलणीच खायची?" सूनबाई म्हणाली, "चूक माझीच होती, आई." त्याच पत्रासोबत सरांची एक चिठ्ठी होती. इथून पुढे केंद्राची कुठलीही चाचणी छापायच्या आधी मुलांना जवळ बसवून, त्यांच्याकडून प्रश्न मोठ्याने सोडवून घ्यायचे. ते काम कसं करायचं हे बाकीच्यांना शिकवायची जबाबदारी सूनबाईवर. तिचा करार एका वर्षाचा होता तो दोन वर्षांचा झाला.

त्या दिवशी म्हातारीने सुनेच्या ताटात आधी वाढलं.

मग सूनबाईने आबांना पुन्हा नदीकडे गाडी काढायला सांगितली. केंद्राचं काही काम नव्हतं.

गुरुजींनी शाळा राहिल्याचं पत्र आधीच भिंतीला चिकटवलं होतं. सूनबाई पाचवीच्या वर्गात जाऊन फळ्यापाशी उभी राहिली. आबा बाहेर हापशाच्या ओट्यावर टेकले. खिडकी उघडी होती.

"त्या दिवशीच्या पेपरमधला कुंपणाचा प्रश्न आठवतो?" तिने विचारलं. "त्याचं उत्तर मी शंभर धरलं होतं. तुम्ही तीनशे म्हणालात. चित्रात तीन तारा होत्या. तुम्ही नीट पाहिलंत, मी पाहिलं नाही. प्रश्न माझा होता आणि तो चुकला होता. तुमचं उत्तर बरोबर होतं. हे सांगायला मी आलेय."

मुलांना कुणा मोठ्या माणसाने असं कधी सांगितलं नसावं. ती काय करावं हे न कळून एकमेकांकडे बघत होती. गुरुजीसुद्धा खडूचा तुकडा हातात फिरवत उभे होते. मग गुडघ्यावर खपली असलेल्या मुलीने हात वर केला.

"म्हणजे तुम्ही नापास?"

"त्या प्रश्नात, हो."

मुलीने जरा विचार केला. "मग पुन्हा बसा परीक्षेला."

सगळा वर्ग हसला. सूनबाईही हसली, आणि आबांना आठवेना की तिला असं मोकळं हसताना त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं. खाली बसून तिने मुलीला म्हटलं, "बसते. तू घे माझी परीक्षा." मुलगी खरंच पुढे आली, खडू घेतला आणि फळ्यावर एक वाकडंतिकडं शेत काढायला लागली.

हापशावर एक बाई दोन घागरी घेऊन आली होती. दांडा वरखाली करत होती, पाणी अजून येत नव्हतं. खिडकीतून येणारा हशा ऐकून ती थांबली.

"त्या बाई कोण हो? मागेही आल्या होत्या. माझी पोरगी घरी येऊन सारखी त्यांचंच बोलते."

"माझी सून," आबा म्हणाले. "परीक्षा असतात ना पोरांच्या, त्या ती तयार करते."

"अगोबाई. मग तर तिचं कधी चुकत नसेल."

आबा उठले. त्यांनी बाईच्या हातातून हापशाचा दांडा घेतला, दोन्ही पाय रोवले आणि जोराने दाबला. तळातून पाण्याची गुडगुड ऐकू आली.

"चुकतं की," ते म्हणाले. "चुकलं तर तीच येऊन सांगते."